विश्लेषण : कोठडीत मृत्यू झाला, तर पोलिसांवर गुन्हा नोंदवायला किती पुरावा लागतो?

परभणी आणि बदलापूर या दोन्ही प्रकरणांत पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. कायद्यात ही अट मुळात आहे का? नसेल, तर ती आली कुठून?

२३ सप्टेंबर २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहातून पोलिसांची एक गाडी निघाली. गाडीत होता अक्षय शिंदे, बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपी. दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनी त्याचा ताबा घेतला होता. मुंब्रा बायपासजवळ धावत्या गाडीतच तो पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली आणि स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर द्यावे लागले, असे पोलिसांनी सांगितले.

आरोप इतका संतापजनक होता की, त्या रात्री अनेकांना न्याय झाल्यासारखे वाटले. एक योगायोग मात्र कोणाच्या लक्षात आला नाही. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पोलीस चकमकीत मृत्यू झाल्यावर काय करायचे याचे १६ नियम घालून दिले होते. गुन्हा नोंदवणे आणि स्वतंत्र तपास हे त्यातले अगदी प्राथमिक नियम. हा निकाल ज्या राज्यातल्या चकमकींवर आला, ते राज्य महाराष्ट्रच.

बदलापूर प्रकरणात पुढे काय झाले?

जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. गाडीतील पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरणारा आणि बळाचा वापर समर्थनीय नव्हता असे सांगणारा. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. एवढे हाती असताना सरकारची भूमिका काय होती? हा अहवाल म्हणजे पुरावा नव्हे, सीआयडीचा तपास सुरू आहे, आयोगही नेमलेला आहे; तेव्हा लगेच गुन्हा कशाला?

दरम्यान आरोपीच्या आईवडिलांनी आपल्याला हे प्रकरण पुढे चालवायचे नाही असे न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने तरीही प्रकरण बंद केले नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी गुन्हा नोंदवून विशेष तपास पथकाने तपास करावा, असा आदेश झाला. त्यानंतरही चालढकल झाली आणि न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला तो पथक कोणी नेमायचे याबाबत. ते काम पोलीस महासंचालकांकडे गेले.

आईवडील दमले किंवा घाबरले, तर गुन्हा नाहीसा होत नाही. खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा असतो. फिर्यादीच्या इच्छेवर तो जगत-मरत नाही. इतर खुनांच्या बाबतीत हे प्रत्येक ठाणे अंमलदाराला माहीत असते.

आणि परभणीत?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. आधी पोलीस कोठडी, मग १४ तारखेला न्यायालयीन कोठडी आणि १५ डिसेंबरला मृत्यू. छातीत दुखू लागल्याचे सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता.

विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितले की, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले तेव्हा सोमनाथ यांनी मारहाणीची तक्रार केलेली नव्हती आणि त्यांना श्वसनाचा आजार होता. दहा लाखांची मदत आणि न्यायालयीन चौकशी जाहीर झाली. आईने १८ डिसेंबरलाच लेखी तक्रार दिली होती. तिच्यावर गुन्हा नोंदवण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने दिला तो ४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे साडेसहा महिन्यांनी. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही सरकारची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला.

साडेसहा महिने. या काळात अंगावरचे वळ जातात, नोंदवह्या भरून होतात, ठाण्यातली माणसे बदलून जातात, सीसीटीव्हीचे चित्रीकरण पुसले जाण्याची वेळ येते आणि त्याच कोठडीत शेजारी बसलेला साक्षीदार जामिनावर सुटून आपल्या संसाराला लागतो. त्याला आता पोलिसांविरुद्ध बोलायचे असते, त्याच गावात राहून.

कायदा नेमके किती मागतो?

इथे तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो.

पहिली पायरी गुन्हा नोंदवण्याची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३, म्हणजे जुने १५४. मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसते का, एवढाच प्रश्न इथे विचारायचा असतो. माहिती खरी आहे का, पुरेशी आहे का, हे नंतरच्या तपासाचे काम. ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवले की, अशी माहिती आल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे; पोलिसांना तिथे मर्जी नाही. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आली आहे. खुनाचा आरोप त्यात बसत नाही.

दुसरी पायरी न्यायालयाने आरोप निश्चित करण्याची. तपास झाला, दोषारोपपत्र आले, आता खटला चालवायचा का? इथे कसोटी आहे गंभीर संशयाची. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बिहार राज्य विरुद्ध रमेश सिंग आणि १९७८ मध्ये प्रफुल्लकुमार सामल या खटल्यांत हे स्पष्ट केले. न्यायाधीशाने कागदपत्रे चाळून पाहायची, पण जणू निकालच द्यायचा आहे अशी छाननी करायची नाही.

तिसरी पायरी शिक्षेची. तिथे, आणि फक्त तिथेच, आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

मच्छी बाजारात मारामारी झाली आणि एक माणूस दगावला, तर पोलीस त्याच रात्री पहिल्या पायरीवर गुन्हा नोंदवतात. समोरच्याने खरेच मारले का, हृदयविकार होता का, हे नंतर पाहू म्हणतात, आणि बरोबरच करतात. मृत्यू ठाण्यातल्या कोठडीत झाला की मात्र तिसऱ्या पायरीचा निकष उचलून पहिल्या पायरीवर आणून ठेवला जातो. आधी अहवाल येऊ द्या, मग अंतिम वैद्यकीय अभिप्राय, मग सीआयडी, मग आयोग. तोपर्यंत नोंद राहते ती ‘अकस्मात मृत्यू’ची. या क्रमाला कायद्यात आधार नाही. ती खात्याने स्वतःसाठी पाडलेली वहिवाट आहे.

मग दंडाधिकाऱ्यांची चौकशी कशासाठी?

संहितेच्या कलम १९६ नुसार, म्हणजे जुन्या १७६ नुसार, कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असते. पूर्वी हे काम प्रांत किंवा तहसीलदार दर्जाचे महसुली दंडाधिकारी करत, म्हणजे जिल्हा प्रशासनातलाच दुसरा हात. २००५ च्या दुरुस्तीने ते न्यायालयाकडे गेले. ही चौकशी पोलिसांच्या तपासाच्या जोडीने करायची आहे, त्याच्याऐवजी नव्हे. कलमातच तसे म्हटले आहे. चौकशी सुरू आहे म्हणून गुन्हा थांबवला, असे उत्तर एखाद्या अधिकाऱ्याने दिले, तर ते याच कलमाच्या विरुद्ध आहे.

सरकारचे एक म्हणणे मात्र खरे आहे. या अहवालावर कोणाला शिक्षा देता येत नाही. खटल्यात साक्षीदार नव्याने तपासावे लागतात. पण मुद्दा शिक्षेचा नाहीच. पाच जण जबाबदार आहेत असे एक न्यायिक अधिकारी लिहून देतो, त्यातून दखलपात्र गुन्ह्याची माहितीसुद्धा मिळत नाही, असे म्हणायचे असेल तर मग माहिती कशाला म्हणायचे?

कलम कोणते लावायचे, यावर इतके अवलंबून का असते?

कारण बरीच प्रकरणे इथेच सौम्य होतात. हेतू किंवा मृत्यू घडेल इतक्या दुखापतीची जाणीव असेल तर खून, न्याय संहितेचे कलम १०३. त्याखाली सदोष मनुष्यवध, १०५. आणि कबुलीजबाब काढण्यासाठी मारहाण, कलम १२०; जुने ३३० आणि ३३१. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

नागपूरचे उदाहरण बोलके आहे. १९९३ मध्ये चोरीच्या तपासात घरातून उचललेला एक माणूस पोलिसांच्या मारहाणीनंतर दगावला. खटला चालला, पण खुनाचा आरोप टिकला नाही. कबुलीसाठी मारहाण केल्याचे सिद्ध झाले आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये, घटनेनंतर २५ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ती वाढवून सात वर्षे केली. त्या कलमात देता येणारी सर्वाधिक शिक्षा तेवढीच होती. एका माणसाचा जीव गेला, आणि न्यायालयाला हात पोहोचला तो दुखापतीच्या कलमापर्यंत.

याउलट सांगलीचे अनिकेत कोथळे प्रकरण. नोव्हेंबर २०१७ मध्ये लूटमारीच्या संशयावरून पकडलेला हा तरुण ठाण्यातच मरण पावला. मृतदेह सांगलीहून आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचा आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचल्याचा आरोप पोलिसांवर आहे. तिथे खुनाचे आणि पुरावा नष्ट केल्याचे कलम लागले, पोलिसांना अटकही झाली. फरक कुठे पडला? बनाव काही दिवसांतच उघडा पडला. म्हणजे पोलिसांवर खुनाचा गुन्हा लवकर नोंदवता येतो. नोंदवायचा असला, तर.

सरकारच्या मंजुरीचे काय?

लोकसेवकावर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी खटला चालवायचा, तर कलम २१८, जुने १९७, सरकारची मंजुरी मागते. हे कलम अनेकदा चुकीच्या जागी पुढे केले जाते. मंजुरी लागते ती न्यायालयाने दखल घेण्यासाठी. गुन्हा नोंदवायला किंवा तपास करायला ती लागत नाही. शिवाय ठाण्यात कोणाला बडवणे हा कर्तव्याचा भाग आहे का, हाही प्रश्न प्रत्येक खटल्यात उभा राहतो.

मंजुरी काय करू शकते, याचे महाराष्ट्रातले सर्वात कडू उदाहरण ख्वाजा युनूसचे. योगायोगाने तोही मूळ परभणीचा. पेशाने सॉफ्टवेअर अभियंता. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला पकडण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचे पुढे आले आणि १४ पोलिसांची नावे आली. सरकारने खटल्याची मंजुरी दिली ती चौघांपुरती. त्यातला एक सचिन वाझे, ज्याला पुढे २०२० मध्ये पोलीस दलात परत घेण्यात आले. घटनेला वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

नव्या संहितेने इथे एक चांगली गोष्ट केली आणि एक घातक. चांगली ही की, सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरायचे. फाइल दाबून ठेवण्याची सोय त्यामुळे संपायला हवी. घातक आहे ती कलम १७५(४) ची तरतूद. पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत म्हणून कोणी दंडाधिकाऱ्याकडे गेला आणि तक्रार लोकसेवकाच्या कामकाजातून उद्भवलेली असली, तर चौकशीचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि आरोप असलेल्या लोकसेवकाचे म्हणणेही विचारात घ्यायचे. खिसेकापूवर तक्रार झाली, तर गुन्हा नोंदवण्याआधी त्याचे म्हणणे कोणी मागवत नाही.

पोलिसांची बाजू अगदीच पोकळ आहे का?

नाही. कोठडीतला प्रत्येक मृत्यू म्हणजे खून नव्हे. दारूच्या अंमलाखाली आणलेला माणूस रात्रीत दगावतो, कोणाला आधीचा आजार असतो, कोणी गळफास लावून घेतो. अपुरे मनुष्यबळ, चोवीस तासांची ड्यूटी आणि ‘लवकर उलगडा करा’ हा वरून येणारा दबाव हेही खरे आहे. शिपायाला पुढे करून साहेब सुटतो, ही खात्यातलीच जुनी तक्रार आहे. पण या सगळ्याचे उत्तर तपासात मिळते. निर्दोष पोलिसाला वाचवण्याचा तोच मार्ग आहे. गुन्हाच न नोंदवल्याने त्याच्यावरचा संशय पुसला जात नाही, उलट साऱ्या ठाण्यावर पसरतो.

आकडेही पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात १,८८८ कोठडीमृत्यू नोंदले गेले. पोलिसांवर ८९३ गुन्हे दाखल झाले, ३५८ जणांवर दोषारोपपत्र गेले आणि शिक्षा झाली २६ जणांना.

कोठडीत काय घडले हे सांगू शकणारे बहुतेक सारे एकाच खात्याचे असतात, ही यातली खरी अडचण. म्हणून विधी आयोगाने १९८५ मध्येच, आपल्या ११३ व्या अहवालात, पुरावा कायद्यात ११४ ब हे कलम घालण्याची शिफारस केली होती : पोलीस कोठडीत असताना इजा झाल्याचे दिसले, तर ती ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालय गृहीत धरू शकेल, तसे नाही हे त्याने दाखवावे. २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात आयोगाने हीच गोष्ट पुन्हा सांगितली. २०२३ मध्ये पुरावा कायदा मुळापासून नव्याने लिहिला गेला, तेव्हाही हे कलम त्यात आले नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० चे छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही पुढे बारगळले.

रायगडकरांना हे नवे आहे का?

पोलिसांवर आरोप ठेवून त्यांना शिक्षेपर्यंत नेणे अशक्य असते, असे कोणी म्हणत असेल, तर त्याने श्रीवर्धनची आठवण ठेवावी. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेली शस्त्रे गोंडघर फाट्यावर अडवली गेली आणि लाच घेऊन सोडून देण्यात आली. मुंबईच्या बॉम्बस्फोट खटल्यात श्रीवर्धन पोलीस ठाण्याचा फौजदार आणि काही शिपाई आरोपी झाले, दोषी ठरले. फौजदाराला जन्मठेप झाली. त्यांच्यावर आरोप ठेवण्याआधी कोणी आयोगाच्या अहवालाची वाट पाहिली नाही. राज्याला पोलिसांवर खटला चालवायची इच्छा होती. याच किनाऱ्यावर, याच कायद्याच्या राज्यात, हे घडले.

किनारपट्टीवरची अडचण वेगळी आहे. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या कुटुंबाला जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे, तर आगरदांड्याची फेरी पकडा नाहीतर माणगावकडून वळसा घाला. पोलीस अधीक्षक आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला, उच्च न्यायालय मुंबईत. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत जे हातातून निसटते, ते सहसा परत मिळत नाही.

कुटुंबाने त्या दोन दिवसांत काय मागावे?

अटकेचा पंचनामा आणि अटकेच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगावरच्या जखमांची नोंद करून तिची प्रत देण्याचा आणि कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करण्याचा नियम घातला. अटकेवेळी अंगावर जखम नव्हती आणि मृत्यूनंतर आहे, एवढे दोन कागद जुळले तरी प्रकरणाचा अर्धा कणा उभा राहतो. अटक झालेल्यांची नावे ठाण्यात आणि जिल्हा नियंत्रण कक्षात दर्शनी लावणे कलम ३७ नुसार आवश्यक आहे. नाव तिथे नसेल, तर त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

दंडाधिकाऱ्याने शक्यतो २४ तासांत मृतदेह शल्यचिकित्सकाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो आणि चौकशीच्या वेळी नातेवाइकांना हजर राहू द्यायचे असते. मानवी हक्क आयोगाच्या सूचनेनुसार शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हायला हवे आणि मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला कळवायची आहे. ती कळवली का, हे लेखी विचारता येते. शवविच्छेदनावर समाधान नसेल, तर दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी अंत्यविधीच्या आधी करावी लागते. दुःखाच्या घरात हे सांगायला कोणी वडीलधारा किंवा वकील लागतो, कारण ‘लवकर उरकून घ्या’ असे सांगणारे तिथे आधीच पोहोचलेले असतात.

तक्रार ठाण्यात घेत नसतील, तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. परभणीच्या आईची १८ डिसेंबरची लेखी तक्रार हाच पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाचा पाया ठरला.

आणि चित्रीकरण. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रीकरण १८ महिने, तशी यंत्रणा नसेल तर निदान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. ते चित्रीकरण राखून ठेवावे, असा तारीख-वेळेसह अर्ज पहिल्याच आठवड्यात अधीक्षक आणि दंडाधिकारी या दोघांकडे द्यावा. कॅमेरा त्या दिवशी बंद होता असे उत्तर आले, तर तो कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीचे पत्र कोणत्या तारखेला गेले, हे त्याच्या खालीच लिहून मागावे.